कन्या १

सायकलला कुलूप लावलं की मनोहर केळशीकर तीन पावलं पुढे जात, मागे वळत, कुलूप एकदा ओढून बघत आणि मगच निघत.

चहाचा कप समोर आला की त्यावर बशी झाकून ठेवत. बोलण्याच्या भरात चहा निवून जाई. मग ‘निवला’ असं म्हणून तोच पीत.

नवा मराठी माणूस भेटला की आधी आडनाव विचारत, मग मूळ गाव, मग कुलदैवत. त्या माणसाचं नाव सगळ्यात शेवटी. कधी कधी ते राहूनच जाई.

फर्निचरच्या दुकानात मापं लिहायला फुकट ठेवलेल्या बोटभर पेन्सिली त्यांनी बिस्किटाच्या डब्यात जमवल्या होत्या. शाईने काही लिहीत नसत. “खोडता आलं पाहिजे,” म्हणत.

वडीलधाऱ्यांचा फोन आला की उभे राहून बोलत.

कुणी गेल्याची बातमी आली की आधी तारीख टिपून घेत, मग ‘अरेरे’ म्हणत.

अश्लेषाने हे सगळं वर्षभरात पाहिलं. २००५च्या डिसेंबरात ती पुण्याहून आइंडहोवनला आली. वय चोवीस, मराठीत एम.ए., लग्नाला चार महिने. नवरा सारंग चिपांसाठी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत होता. मनोहरकाका त्याच्या विभागातले सगळ्यात जुने मराठी. संक्रांतीला त्यांनी दोघांना शेजारच्या न्यूनेन गावातल्या आपल्या घरी बोलावलं.

“आडनाव?” दारातच त्यांनी विचारलं.

“माहेरचं की सासरचं?”

“सासरचं सांग. माहेरचं नंतर बघू. शिक्षण?”

“एम.ए. मराठी.”

“म्हणजे प्रुफं तपासता येतील.”

“अहो, तिला आधी तिळगूळ तरी द्या,” आतून सुनेत्राकाकू म्हणाल्या. “कोट पण काढला नाहीये तिने अजून.”

प्रुफं होती केळशीकर कुलवृत्तांताची. पहिली आवृत्ती त्यांच्या चुलत्यांनी १९६८ साली काढली होती. दुसरी मनोहरकाका काढत होते. नऊ वर्षं चाललं होतं. अकरा पिढ्या, दोनशे बारा घरं. अश्लेषाला काम करायची परवानगी नव्हती आणि दिवस मोठे होते. ती दर शनिवारी सकाळी सायकलने न्यूनेनला जाऊ लागली. काका मजकूर वाचत, ती वेलांट्या सुधारत असे.

मजकुराचा साचा ठरलेला होता. पुरुषाचं नाव, जन्म, शिक्षण, नोकरी. मग ‘कुटुंब’, म्हणजे बायको. तिचं सासरी ठेवलेलं नाव आणि कंसात माहेरचं आडनाव. मग मुलगे, प्रत्येकापुढे आकडा. त्या आकड्याने त्याचं स्वतःचं पान सापडे. आणि शेवटी मुली. ‘कन्या २.’ ‘कन्या ४.’

“काका, यांची नावं?” दुसऱ्या शनिवारी अश्लेषाने विचारलं.

“त्या आपापल्या सासरच्या वृत्तांतात येतात. इथे घेतल्या तर दोनदा मोजल्या जातील.”

हे कारण इंजिनिअरचं होतं. ती पुढच्या ओळीकडे वळली.

मनोहरकाकांचं स्वतःचं पान १८७ आकड्याचं. मनोहर दत्तात्रय. जन्म १९५४. बी.ई. वास्तव्य नेदरलँड्स. कुटुंब सुनेत्रा. कन्या १. त्या पानावर खाली बरीच कोरी जागा होती. कन्या पंधरा वर्षांची होती, तिचं नाव संहिता, आणि शनिवारी सकाळी ती वरच्या खोलीत झोपलेली असे.

जूनमध्ये शेजारच्या हेंकने आपल्या मळ्यातल्या शेंगांची पिशवी कुंपणावरून दिली. आत हिरवे, अंगठ्याएवढे दाणे. डच लोक त्यांना ‘ताउनबोनन’ म्हणतात. सुनेत्राकाकूंनी दाणे गरम पाण्यात टाकले, एकेक सोलला, नारळ-गूळ घालून डाळिंब्यांची असते तशी उसळ केली.

“वालाच्या तोंडात मारेल,” काका म्हणाले आणि दोन वाट्या खाल्ल्या. सोलताना दहाबारा कच्चे खाल्ले होते ते वेगळेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांची लघवी काळ्या चहासारखी झाली. डोळे पिवळे दिसू लागले. तरी ते सायकलने डॉक्टरकडे गेले. तिथे कुलूप लावून तीन पावलं गेले आणि मागे वळताना खाली बसले. डॉक्टरने त्यांना थेट इस्पितळात पाठवलं. रक्ताच्या दोन पिशव्या चढवाव्या लागल्या.

इस्पितळातली डॉक्टर उंच, हळू बोलणारी बाई होती. गेल्या तीन दिवसांत नवीन काय खाल्लं, असं तिने विचारलं.

“उसळ,” काकू म्हणाल्या. मग इंग्रजीत समजावू लागल्या. दाण्यांचा आकार बोटांनी दाखवला, तशी डॉक्टर मान हलवू लागली.

तिने सांगितलं ते असं. तांबड्या पेशींना जपणारं एक द्रव्य रक्तात असतं. काही माणसांत ते जन्मतः कमी असतं. एरवी त्याने काही बिघडत नाही. माणूस आयुष्यभर धडधाकट राहतो. पण हे दाणे पोटात गेले, किंवा काही औषधं, त्यातही मलेरियावरच्या काही गोळ्या, तर पेशी भराभर फुटतात. कधी कधी जीव जातो. आत्ता तपासलं तर आकडा चुकीचा येईल. तीन महिन्यांनी या.

तीन महिन्यांनी, सप्टेंबरात, खात्री झाली. डॉक्टरने एक डच माहितीपत्रक आणि टाळायच्या औषधांची यादी हातात दिली.

“हे घराण्यातून येतं,” ती म्हणाली. “नातेवाइकांना कळवा. विशेषतः पुरुषांना.”

काकांनी पत्रक न वाचता फाइलला लावलं. त्यांच्याकडे दोनशे बारा घरांचे पत्ते तयार होते. एका शनिवारी अश्लेषाने मायना घातला, ‘समस्त केळशीकर कुलबंधूंस’. दुसऱ्या शनिवारी ऐंशीएक घरांना ई-मेल गेले, उरलेल्यांना टपालाने. आपल्या कुळातील पुरुषांच्या रक्तात एक दोष संभवतो, तरी सर्वांनी तपासणी करून घ्यावी, आणि तोवर सोबतच्या यादीतली औषधं व वालासारखे मोठे दाणे टाळावेत. खाली संपादक म्हणून सही. नऊ वर्षांत पहिल्यांदा यादीचा खराखुरा उपयोग झाला, असं काका म्हणाले. ते खूश दिसत होते.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी पुण्याहून चंद्रहासचा फोन आला. चंद्रहास त्यांचा सख्खा चुलतभाऊ. त्याचा आवाज टेबलापलीकडे अश्लेषालाही ऐकू येत होता.

“मन्या, तुला वेड लागलंय का?”

“काय झालं?”

“आमच्या यशोधनचं नागपूरच्या मुलीशी ठरत आलं होतं. काल तिचे वडील तुझं पत्र हातात घेऊन आले. केळशीकरांच्या रक्तात दोष आहे, आणि लिहितोय कोण, तर कुलवृत्तांताचा संपादक!”

“अरे, पण खबरदारी म्हणून...”

“घरातले वाल टाकून दिले सगळे. आई म्हणते, ऐंशी वर्षं खाल्ले, आता मेले तर मन्यावर घाल.”

“वाल नाहीत ते, चंद्रहास. ते दाणे वेगळे...”

“तू नागपूरला फोन कर आणि सांग त्यांना कुठले दाणे ते!” फोन बंद झाला.

संहिता टोस्ट करायला खाली आली होती. तिला मराठी सगळं कळे, पण उत्तर ती इंग्रजीत देई आणि चिडली की डचमध्ये. टोस्टरपाशी उभी राहून तिने इंग्रजीत विचारलं, “बाबा, तुम्ही पत्रं कोणाला पाठवलीत?”

“सगळ्यांना. दोनशे बारा.”

“सगळे केळशीकर?”

“मग काय शेजाऱ्यांना पाठवू?”

“हेंकला पाठवलं असतं तरी चाललं असतं,” ती म्हणाली. फाइलमधलं डच पत्रक काढून तिने वाचलं. टोस्ट वर आला, तो तिने तसाच राहू दिला. मग खुर्ची ओढून बसली.

“मुलगा व्हायला काय लागतं?”

“संहिता,” काकू म्हणाल्या.

“आई, बायोलॉजी आहे. आईकडून एक्स येतो, तो सगळ्यांनाच. बाबांकडून वाय आला तर मुलगा. बाबांकडूनही एक्स आला तर मुलगी. बरोबर?”

“हे मला माहीत आहे,” काका म्हणाले.

“मग तुमच्याकडे एक्स किती?”

“एक.”

“तो कोणी दिला?”

“आईने.”

“आणि आजोबांनी?”

“वाय.”

संहिताने प्रुफांचा गठ्ठा पुढे ओढला. पानं उलटत गेली. “वडील, मुलगा. वडील, मुलगा. अकरा पिढ्या. हे सगळं वायचं पुस्तक आहे, बाबा. हा आजार एक्सवर बसतो. पुरुषाकडे एक्स एकच, तो बिघडलेला असला की संपलं, म्हणून पुरुषांना जपायचं. पण पुरुष तो मुलाला देऊच शकत नाही. तुमच्या या दोनशे बारा घरांत तुमचा एक्स एकाच ठिकाणी आहे.”

“कुठे?”

“इथे. मी.” तिने टोस्ट घेतला आणि जॅम लावू लागली. “तुमच्याकडे दुसरा नव्हताच द्यायला. तो आला म्हणून मी मुलगी झाले.”

काकू उभ्याच होत्या. “म्हणजे तुलाही ते...”

“माझ्याकडे तुझाही एक आहे ना. तो चांगला असेल तर बहुतेक मला काही होणार नाही. पण माझ्या मुलाला होऊ शकतं. प्रत्येक मुलाला अर्धी शक्यता.”

“आणि यशोधन?” काकांनी विचारलं.

“तुमच्याकडून? शून्य.” तिने घास घेतला. “बाबा, तुमच्या आईच्या बाजूला कोण आहे?”

मनोहरकाका सहा वर्षांचे असताना त्यांची आई गेली. त्यांना त्यांच्या चुलतीने वाढवलं. पुस्तकात आईची नोंद होती, ‘कुटुंब रमा (टेंबे)’. तेवढीच.

“रमा हे सासरचं नाव,” सुनेत्राकाकू म्हणाल्या. “माहेरचं काय होतं?”

काकांनी डब्यातून पेन्सिल उचलली आणि परत ठेवली. अकरा पिढ्यांची नावं त्यांना पाठ होती. हे माहीत नव्हतं.

त्यांनी नागपूरला फोन केला. दोनशे बारा घरांना दुसरं पत्र गेलं. कुळाला कोणताही धोका नाही, आधीची सूचना संपादकाच्या अज्ञानामुळे दिली गेली, क्षमस्व. अश्लेषाने ‘अनवधानामुळे’ असं सुचवलं होतं. त्यांनी ‘अज्ञानामुळे’ असंच ठेवलं.

आईची एक बहीण हयात होती. वत्सलामावशी, वय सत्याहत्तर, डोंबिवलीला मुलाकडे. तीस वर्षांत बोलणं नव्हतं. नंबर मिळवायला दोन आठवडे लागले. पुढच्या शनिवारी काकांनी फोन स्पीकरवर टाकला आणि उभे राहिले. अश्लेषा लिहायला बसली.

“कोण? कोणता मनोहर?”

“रमाचा, मावशी.”

“कोण रमा?”

“केळशीकरांची. टेंब्यांच्या घरातून आलेली.”

“अगो बाई! द्वारकाचा का तू? ते रमा तुमच्याकडचं हो. ताटात तांदूळ पसरून तुझ्या बापाने अंगठीने काढलं. आम्ही शेवटपर्यंत द्वारकाच म्हणायचो. काय रे, आज आठवण झाली मावशीची? मरायला टेकल्ये का बघायला फोन केलास?”

“नाही हो, मावशी.”

“मग पैसाअडका असेल कुठला तर तो माझ्याकडे नाही.”

अश्लेषाने कागदावर ‘द्वारका’ लिहिलं. मावशी चाळीस मिनिटं बोलल्या. तीन बहिणी, एक भाऊ. वत्सला, द्वारका, सिंधू आणि धाकटा माधव. माधव एकोणीस वर्षांचा असताना कालव्याच्या कामावर होता. हिवताप आला. सरकारी माणूस येऊन गोळ्या देऊन गेला.

“गोळ्यांनी ताप उतरला,” मावशी म्हणाल्या. “आईने साखर वाटली. दोन दिवसांनी पोरगा पिवळा झाला. लघवी काळी. वैद्य म्हणाला, कावीळ. त्याच आठवड्यात गेला.”

काकांनी अश्लेषाच्या कागदावरच्या ‘माधव’वर बोट ठेवलं.

“आहेस ना रे?”

“आहे, मावशी. तुमच्या रवींद्रला द्या जरा.”

रवींद्र पन्नाशीचा होता, रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर. त्याने सगळं ऐकून घेतलं. “मनोहरदादा, मी लहानपणी दोनदा पिवळा झालो होतो,” तो म्हणाला. “दोन्ही वेळा आईने उतारा टाकला.” त्याने रक्त तपासून घेतलं. द्रव्य कमी निघालं. औषधांची यादी त्याने प्लॅस्टिकमध्ये घालून पाकिटात ठेवली, आणि तसं फोन करून कळवलं.

अश्लेषाने तक्ता काढायला घेतला. प्रुफांचे पाठकोरे कागद एकमेकांना चिकटवले. संहिताने पद्धत शिकवली. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. आजार असेल तर चौकोन भरायचा. जिच्याकडे तो एक्स असणारच तिच्या वर्तुळात टिंब द्यायचं. वत्सला, टिंब. द्वारका, टिंब. माधव, भरलेला चौकोन. मनोहर, भरलेला. त्यांच्या खाली संहिता. तिच्या वर्तुळातलं टिंब काकांनी स्वतः दिलं.

राहिली सिंधू. तिचं लग्न इटारसीच्या रेल्वेतल्या वासुदेव निवेंडीकरांशी झालं होतं. वर्षभरात बाळंतपणात गेली.

“मूल?” काकांनी मावशींना पुढच्या फोनमध्ये विचारलं.

“मुलगी जगली ना. आम्ही कुणी बारशाला गेलो नाही. लांब ते. मग त्यांनी दुसरं लग्न केलं. संपलं येणंजाणं.”

“नाव काय तिचं?”

“कोणाला माहीत? सिंधूची मुलगी म्हणायचो.”

काकांनी हिशोब मांडला. सिंधूकडे तो एक्स असण्याची शक्यता अर्धी. तिच्या मुलीकडे पाव. त्या मुलीच्या प्रत्येक मुलाला आठात एक. ती मुलगी आता अठ्ठेचाळीस वर्षांची असणार, मुलगे पंचवीस-सव्वीसचे. आणि त्या भागात मलेरिया असतोच.

“आठात एक म्हणजे कमीच ना, काका,” अश्लेषा म्हणाली.

“आमच्याकडे आठात एक सदोष निघाला तर अख्खी लाइन थांबवतात.”

निवेंडीकरांचाही कुलवृत्तांत होता. आल्मेरेला अजित निवेंडीकर नावाचा आयटीतला मुलगा राहतो, त्याच्या वडिलांनी एक प्रत त्याच्याबरोबर दिली आहे, असं मराठी मंडळाच्या दिवाळीत कुणीतरी सांगितलं. डिसेंबरातल्या एका रविवारी काका, काकू आणि अश्लेषा गाड्या बदलत आल्मेरेला गेले. नवीकोरी घरं, सगळी सारखी. अजित आणि त्याची बायको नीलांबरी हसतमुख होती. पुस्तक व्हॅक्युम क्लीनरच्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं.

“हे घरात आहे हे मला बाबांचा फोन आला की आठवतं,” अजित म्हणाला. “इकडे येताना लोणचं ठेव म्हणालो तर म्हणाले, लोणचं तिकडे मिळतं.”

नीलांबरीने चहा आणला. काकांनी कपावर बशी झाकली आणि पान शोधलं. १४३. अश्लेषा त्यांच्या खांद्यामागून वाचत होती.

वासुदेव गणेश. जन्म १९३०. रेल्वेत गार्ड, इटारसी. प्रथम कुटुंब जानकी (टेंबे), निधन १९५८. कन्या १. द्वितीय कुटुंब सुशीला. पुत्र अरविंद, प्रभाकर.

सिंधूची सासरी जानकी झाली होती. काकांनी पान उलटलं. पुन्हा मागे आले. ओळीवर बोट ठेवलं.

“नाव नाही,” ते म्हणाले.

“मुलींची नसतात ना, काका,” अजित मदत करायच्या सुरात म्हणाला. “त्या सासरच्या वृत्तांतात येतात.”

“हो.”

“कुठल्या सासरच्या, ते लिहिलं असतं तर शोधता आलं असतं,” नीलांबरी म्हणाली.

“हो,” काका पुन्हा म्हणाले. बशी बाजूला केली. “निवला,” म्हणाले, आणि चहा तसाच ठेवला.

परतीच्या गाडीत उट्रेख्टपर्यंत ते पिशवी मांडीवर धरून बसले. काकूंना डुलकी लागली होती. बाहेर सपाट शेतं, पाण्याच्या सरळ चऱ्या, चारलाच अंधारून आलेलं. उट्रेख्टला दुसऱ्या गाडीत बसल्यावर त्यांनी पिशवीतून स्वतःची प्रुफं काढली. १८७. ‘कन्या १’ यावर पेन्सिलीने आडवी रेघ मारली. पुढे लिहिलं, संहिता, जन्म १९९१.

“अशा किती आहेत गं आपल्या पुस्तकात?”

अश्लेषाला माहीत होतं. फेब्रुवारीतच एकदा कंटाळा आला म्हणून तिने बेरीज केली होती. “तीनशे एक्केचाळीस.”

त्यांनी मान हलवली. “छपाई थांबवू,” ते म्हणाले.

घरोघर फोन सुरू झाले. संध्याकाळी ऑफिसातून आले की रोज चार-पाच. मुलीचं नाव काय, कुठे दिली, तिकडे काय नाव ठेवलं. लोक वैतागत. चंद्रहास म्हणाला, “आता बहिणींची पण रक्तं तपासायची का?” पण त्याने पाच नावं सांगितली. यशोधनचं लग्न ठरलं होतं, त्यामुळे तो मवाळ होता. जानेवारीअखेर दोनशे साठ नावं भरली गेली. इटारसीला तिच्या सावत्र भावाच्या, अरविंद निवेंडीकरांच्या नावाने पत्र गेलं, पत्ता पुस्तकातलाच, जुना. उत्तर आलं नाही. काकांनी दुसरं पाठवलं, रजिस्टर केलेलं. दर शनिवारी अश्लेषा आली की आधी विचारत असे, “इटारसी?” काका मान हलवत.

“आज लिहून ठेवतो तिला,” एका शनिवारी ते म्हणाले. “पत्ता मिळाला की नुसतं पाकिटात घालायचं. उगाच दिवस जायला नकोत.”

“नाव कळल्याशिवाय?”

“नावाला जागा सोडतो.”

तेरा फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी साडेनऊला मनोहर केळशीकर ऑफिसच्या जिन्यावर बसले आणि पुन्हा उठले नाहीत. हृदय. रक्ताशी याचा काही संबंध नव्हता, असं उंच डॉक्टरने सुनेत्राकाकूंना तीनदा सांगितलं. काकू तीनही वेळा “हो” म्हणाल्या.

सारंगचा फोन आला तेव्हा अश्लेषा प्रुफं वाचत होती. तिने समोरच्या कागदावर तारीख टिपली. पुढचं तिला सुचलं नाही.

सायकल ऑफिसच्या स्टँडवर दोन दिवस उभी होती. सारंगने जाऊन कुलूप ओढून बघितलं. पक्कं होतं.

शनिवारी अश्लेषा नेहमीच्या वेळी न्यूनेनला पोचली. वाटेत आपण का चाललो आहोत असा विचार तिने केला नाही. दार संहिताने उघडलं. टेबलावर बिस्किटाचा डबा होता आणि फाइल. काकूंनी फाइल तिच्यापुढे सरकवली.

“बघ तूच,” त्या म्हणाल्या. “मला त्याचं काही कळत नाही.”

“मला कळतं,” संहिता म्हणाली. मराठीत म्हणाली. अश्लेषाने वर पाहिलं, पण ती खिडकीबाहेर बघत होती.

फाइलमध्ये तक्ता होता, घडी घातलेला. अश्लेषाने टेबलभर पसरला. टेंब्यांच्या तीन वर्तुळांपैकी शेवटचं सिंधूचं. खाली एक उभी रेघ. रेघेखाली वर्तुळ, आत टिंब नाही, बाजूला नाव नाही. त्याच्या खाली दोन चौकोन फिक्या पेन्सिलीने काढले होते. चौकोनांत प्रश्नचिन्हं.

तक्त्याखाली पत्र होतं. पाठकोऱ्या कागदावर, पेन्सिलीने, काकांच्या चौकोनी अक्षरात. मागच्या बाजूला छपाईचं जुनं प्रूफ दिसत होतं.

‘चि. सौ.’ असं लिहून पुढे बोटभर जागा सोडली होती.

‘मी तुझा मावसभाऊ. तुझी आई सिंधू आणि माझी आई द्वारका सख्ख्या बहिणी. आपण कधी भेटलो नाही. तुझी आई गेली तेव्हा तू काही तासांची होतीस, माझी गेली तेव्हा मी सहा वर्षांचा. तुला घाबरवायला लिहीत नाही. तुला मुलगे असतील तर त्यांचं रक्त एकदा तपासून घे. तपासणीचं नाव आणि औषधांची यादी सोबत जोडली आहे. ताप आला तर यादीतलं कोणतंही औषध घेण्याआधी डॉक्टरला हा कागद दाखव. मुली असतील तर त्यांनाही सांग, कारण पुढे त्यांनाही मुलं होतील. तुझ्या मुलांची आणि मुलींची नावं मला कळव. मुलींची आधी. मी एक तक्ता करतो आहे, त्यात तुझी जागा’

तिथे पत्र थांबलं होतं. शेवटचा शब्द एकदा खोडून पुन्हा लिहिलेला होता.